बादलीतलं कासव

चूक कबूल करायची मला सवय नाही. "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य आमच्या घरात माझ्या मालकीचं. छत्तीस वर्षांच्या संसारात यांनी ते एकदाही वापरलेलं नाही.

वारज्यात आमचा तळमजल्याचा फ्लॅट, पुढे चार ढांगांची बाग, भिंतीपलीकडे ओढा. गेल्या भाद्रपदात ओढ्यातून एक कासव आलं. ताटलीएवढं, चिखलानं माखलेलं. शेवंतीच्या वाफ्यात मागच्या पायांनी माती उकरत होतं. मला वाटलं, अडकलंय बिचारं, सुटायची धडपड चाललीय. सुपलीनं उचललं, बादलीत घातलं आणि ओढ्यात सोडून आले. सोसायटीच्या ग्रुपवर माझा बादलीसकट फोटो फिरला. मी फुगलेच जरा.

चार दिवसांनी पुन्हा तेच, त्याच वाफ्यात. पुन्हा सोडून आले. हे म्हणाले, "अगं, त्याचं काहीतरी काम असेल इथे. राहू दे की."

"काम? आधार कार्ड काढायला आलंय का? उद्या फाटकाबाहेर जाऊन टँकरखाली आलं म्हणजे?"

पण माझी भीती खरी होती हो. त्या रस्त्यावर माणसाची धडगत नाही.

तिसऱ्यांदा आलं तेव्हा ठरवलंच, आता लांब, धरणाच्या पाण्यात सोडायचं. हे स्कूटर घेऊन सदाशिव पेठेत गेले होते, यायला दुपार होणार. पाण्यातलं जनावर म्हणून बादली अर्धी भरली, कासव आत ठेवलं, वर पाट आणि पाटावर वरवंटा. स्वयंपाक करताना खरवडल्याचा आवाज सारखा येत होता. मी ओट्यापाशीच उभी राहून ओरडले, "गप बस गं बाई, तुझ्याच भल्यासाठी चाललंय!" दीडच्या सुमारास आवाज थांबला. मला हायसं वाटलं.

हे आले, पाट उचलला. कासव जिवंत होतं. खाली पाण्यात कागदी लिंबाएवढी पांढरी अंडी पडली होती. सात.

वन्यप्राणी सोडवणाऱ्या एका बाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, मादी अंडी घालायलाच वर येते. मातीत जागा मिळाली नाही आणि थांबवेना, की पाण्यात टाकते. ती जगत नाहीत हो."

तीनदा तिनं जागा शोधली होती आणि तीनदा मी तिला उचललं होतं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला एवढं कळू नये? लाज वाटली. अजून वाटते.

संध्याकाळी तिला ओढ्यात सोडलं, बादली यांनी धरली. शेवंती उपटून मी अंडी वाफ्यात पुरली. कळत होतं की उपयोग नाही, तरी उन्हाळाभर माती ओली ठेवली. काही निघालं नाही.

यंदा भाद्रपद संपत आला. वाफा मोकळाच ठेवलाय. ती आली नाही. परवा न राहवून मी यांना म्हटलं, "अहो, एकदाचं म्हणून टाका ना, मी म्हटलं नव्हतं म्हणून."

यांनी ऐकलं, झारी उचलली आणि वाफ्याला पाणी घालायला गेले.