क्लिओनिकीआजींचे तीन सज्जे

ग्रीसमधल्या पिरेयस बंदरामागच्या आमच्या कोकिनिया या निर्वासितांच्या वस्तीत प्रत्येक म्हातारीचं घर दरवर्षी थोडं वाढतं. इथलं नव्हे. एकोणीसशे बावीस साली जीव घेऊन पळताना तुर्कांच्या किनाऱ्यावर, आयवलीत सुटलेलं. आठवणीतल्या त्या घराला ना गवंडी लागतो, ना परवानगी. माझ्या आईने तर मरायच्या आदल्या वर्षी अंगणात विहीर खणून घेतली.

क्लिओनिकीआजींची सर मात्र कुणालाच नव्हती. दहाव्या वर्षी बोटीतून उतरलेल्या या बाईने साठ वर्षांत घराला तीन सज्जे काढले. त्यामुळे शाळेच्या बाईंनी म्हाताऱ्यांच्या आठवणींचा खेळ बसवला, तेव्हा रंगमंचावरची मधली खुर्ची त्यांचीच होती.

खेळाच्या सकाळी कळलं, आयवलीतल्या त्यांच्याच गल्लीतली अर्गिरो मितिलिनी बेटावरून बघायला येतेय. मी न्यायला गेलो, तर आजींनी अंथरूण धरलेलं.

"ताप आलाय रे मला."

"कपाळ तर गार आहे."

"आतून आलाय. ती सगळ्यांसमोर मला खोटं पाडणार."

"मग दोन सज्जे पाडून टाका."

"खरा एकच होता," आजी हळूच म्हणाल्या. "पण तिथे आई उभी राहायची. ती एका सज्ज्यात मावत नाही रे."

मी त्यांना चपला घातल्या आणि घेऊन गेलो.

अर्गिरो पहिल्याच रांगेत, काठीवर हनुवटी टेकवून बसली होती. आजींनी तिला पाहिलं आणि घाईने सांगून टाकलं.

"आमच्या घराला... एक सज्जा होता."

आमची अख्खी गल्ली हिरमुसली. एवढं मोठं घर डोळ्यांदेखत आटलं.

अर्गिरोने काठी आपटली. "एक? मी खिडकीतून रोज तीन मोजायचे. मधल्यातून तुझी आई मला अंजीर फेकायची."

आजींमधली जुनी भांडखोर जागी झाली.

"तुमची खिडकी तर मागच्या बाजूला होती गं."

"तेव्हा होती. आता समोर आहे."

सभागृह खदखदून हसलं. बाईंनी दुसरी खुर्ची वर आणून ठेवली. अर्गिरो चढली आणि तासाभरात दोघींनी मिळून चौथा सज्जा बांधला, तोही संगमरवरी. आता दर वसंतात ती मितिलिनीहून येते आणि खेळ दोघी मिळून करतात.

अंजीर मात्र खरंच फेकलं जायचं. त्याबाबतीत दोघींचं एकदाही भांडण झालेलं नाही.