साक्षीदार गावदेव, राहणार देऊळ

कुंभारवाड्याच्या आसपासच्या वाड्यांत काशीच्या तोंडाला लागायचं धाडस कुणी करत नसे. भातात रानडुकरं शिरली की बाकीचे लोक डबे बडवायचे. काशी नुसती बांधावर उभी राहून शिव्या द्यायची आणि डुकरं म्हणे पळायची. खरंखोटं गावदेव जाणे. पण अशा बाईलाही हल्ली एका काळजीनं झोप येत नव्हती. आपण गेल्यावर राखीचं काय?

राखी तिच्या बहिणीची लेक. आई गेली तेव्हा पोर धड चालतही नव्हती. काशीनं तिला काखोटीला मारून आणली, ती कायमचीच. दत्तकाचा कागद वगैरे कोण करतंय? दोन वेळचं जेवली, मोठी झाली, झालं! काशीला पोटचं मूल नाही, नवरा कधीच गेलेला. घर, भाताची खाचरं आणि मागचा कोनफळाचा मळा, सगळं काशीच्या नावावर. तिच्या घरचं कोनफळाचं बी लोक पार उळवीपर्यंत मागून न्यायचे. आणि त्या मळ्यात आता राबत होती ती राखीच.

बचत गटाच्या सभेत एक वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी काशीला तोंडावरच सांगितलं, "आजी, तुम्ही काही लिहून ठेवलं नाहीत तर हे सगळं तुमच्या दिराच्या मुलाला जाईल. राखीला काही मिळणार नाही."

दिराचा मुलगा म्हणजे नागेश. रामनगरात त्याचं किराणा दुकान, दाराशी पिकअप गाडी. पोरगा वाईट नव्हता हो! सणाला यायचा, काकीला साडी आणायचा. पण जमीन म्हटल्यावर कुणाचं मन कधी फिरेल, कुणी सांगावं? काशीनं त्याला कानोकान कळू दिलं नाही आणि थेट यशवंत बुधवंताचं घर गाठलं. बुधवंत म्हणजे गावचा मुख्य माणूस, चार बुकं शिकलेला.

"माझं मृत्युपत्र लिही," ती म्हणाली. "नाव मेलं कसलं अभद्र हाय, पण लिही."

यशवंतानं झकास अक्षरात लिहिलं. आता या गावची रीत अशी, की बांधाचा तंटा असो नाहीतर मोडलेली सोयरीक, देवापुढं नारळ ठेवून बोललेला शब्द कुणी फिरवत नाही. तेव्हा यशवंतानं कागद देवळात नेला, नारळ ठेवला, काशीचा अंगठा घेतला आणि साक्षीदारांच्या जागी मोठ्या भक्तिभावानं लिहिलं: पहिला साक्षीदार गावदेव, राहणार देऊळ, वय पहिल्यापासून. दुसरा साक्षीदार म्हणून स्वतःची सही. काशीचा जीव भांड्यात पडला.

कागद नोंदवायला दोघं जोयड्याला निघाले, तर बस आलीच नाही. वाट बघून बघून पाय दुखायला लागले, आणि समोरून आली कोण? नागेशची गाडी! भाताची पोती न्यायला आला होता बिचारा.

"काकी, कुठं निघालीस उन्हातानाची?"

"दवाखान्याला," काशी म्हणाली. यशवंत खाकरला. तिनं त्याला कोपर मारलं.

नागेशनं दोघांना दवाखान्याच्या दाराशी सोडलं. गाडी वळणाआड गेल्यावर काशीनं तडक नोंदणीची कचेरी गाठली. तिथल्या कारकुनानं कागद वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"अज्जी, ह्या पहिल्या साक्षीदाराचं आधार कार्ड?"

"देवाकडं आधार कार्ड मागतोस? जीभ झडंल तुझी!"

कारकून हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली. "अज्जी, तुमच्या माघारी कुणी भांडायला उभं राहिलं, तर साक्षीदारानं कोर्टात येऊन सांगावं लागतं, की माझ्यासमोर बाईनं अंगठा केला म्हणून. देव येईल का? दोन जितीजागती माणसं पाहिजेत. बुधवंत एक झाले. दुसरा आणा."

काशीनं यशवंताकडं बघितलं. ओळखीचं दुसरं माणूस आणायचं कुठून? गावी जाऊन परत यायचं, तर बसचा हा असा कारभार! तिला रडू फुटणार, एवढ्यात दारात घामानं भिजलेला नागेश उभा.

"काकी! जीव राहिना म्हणून माघारी फिरलो, दवाखान्यातल्या सगळ्या खाटा बघून आलो. कुठंच न्हाईस. कुणीतरी म्हणालं इकडं आलीस. काय झालंय तुला?"

यशवंतानं मान खाली घालून कागद पुढं केला. नागेशनं तो उभ्या उभ्या वाचला.

"मला चोर समजलीस व्हय, काकी?"

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर काशीनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज मात्र ती हळूच म्हणाली, "भ्याले रे, बाबा. माझ्या माघारी तिला कोण हाय?"

नागेशला लागलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यानं खिशातलं पेन काढलं. "साहेब, नवीन लिवा. दुसरा साक्षीदार मी. भांडायला उद्या येणार कोण, तर मीच. आन सही बी माझीच! मग भांडतंय कोण?"

काशीला हुंदका आवरेना. नागेशनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगं. फकस्त एक ओळ माझी घाला. दरसाल लावणीला राखीनं मला घरच्या कोनफळाचं बी द्यायचं."

"ते कागदावर कशाला, मेल्या? कधी मागितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

कारकुनानं नवीन कागद करवला. देवाचं नाव सगळ्यांत वर आलं, त्याखाली मजकूर, शेवटी दोन माणसं. काशीनं दोघांसमोर अंगठा केला, तिच्या डोळ्यांदेखत दोघांनी सह्या केल्या, नोंद झाली. परतताना तिनं देवळापाशी गाडी थांबवली आणि हात जोडले. "देवा, तुला साक्षीतनं काढलं. रागावू नगंस. तू हाईसच, पण तुला कोर्टात कुठं फिरवू?"

घरी पोचल्यावर तिनं राखीला सगळं सांगितलं. राखी ऐकता ऐकता रडली, मग नागेशला पाणी द्यायला उठली.

"पाणी राहू दे," काशी म्हणाली. "आधी माळ्यावरचं बी काढ. चांगलं टपोरं बघून काढ."

"मावशे, लावणीला अजून वेळ हाय गे."

"असू दे. ह्यातलं एवढं तरी कागदाबिगर, माझ्या हातानं देऊ दे."