येशूची आत्या

गंगाखेडच्या आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळचं नाटक आत्या बसवते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, आमच्याच घरात राहणारी. माझं नाव तिनंच ठेवलं आणि मी अबोल निघाले याचा दोषही ती स्वतःकडेच घेते. "लय हळू सांगितलं मी हिच्या कानात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

त्या वर्षी तालमी सुरू होण्याआधी तिच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी वाळवंटात चामड्याचं एक जुनं पान सापडलं आहे, ते एका हरवलेल्या शुभवर्तमानाचं आहे आणि त्यात लिहिलं आहे की बेथलेहेमला जाताना योसेफाची बहीणही सोबत होती. बाळाला नावानं पहिली हाक तिनंच मारली. व्हिडिओ इंग्रजीत होता, म्हणून मी अर्थ सांगत होते आणि आत्या मेथी निवडत ऐकत होती. तिचे हात थांबले.

"योसेफाची बहीण म्हणजे येशूची कोण?"

"आत्या," मी म्हणाले.

"मंग! पहिलं बाळंतपण, परकं गाव, आन् संगं एक बाईमाणूस न्हाई, असं कुठं असतंय का? आन् आत्याबिगर नाव ठेवलं कुणी?"

मेथी तशीच ठेवून ती नवा प्रवेश लिहायला बसली. आमच्या नाटकात मुलींना बोलायला फारसं काही नसतं. एक मरीया होते, उरलेल्या सगळ्या जाळीचे पंख लावून देवदूत. मरीयेवरून दर वर्षी रडारड ठरलेली. आत्याला हे कायम खुपायचं. आता तिला एक अख्खी भूमिका मिळाली होती, तीही आत्याची.

पाळकसाहेबांना हे रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी कळलं. ते स्वतः दर वर्षी नाटकात लॉजवाला होतात. डोक्याला मुंडासं, हातात कंदील घेऊन दार उघडतात आणि ओरडतात, "जागा न्हाई! हंगाम सुरू हाय, ऊसतोडीवाले समदे हितंच उतरलेत!" त्या वाक्यासाठी शेजारच्या गल्लीतली माणसंही येऊन बसतात. एरवी मात्र ते कडक आहेत.

"शुभवर्तमानं चार हायेत," ते म्हणाले. "पाचवं मोबाइलमधून येत नसतं."

"पान सापडलंय, साहेब. चामड्याचं."

"चामडं माझ्या चपलेलाबी हाय, ताई."

"आन् नाव?"

"नाव देवदूतानं सांगितलं. शास्त्रात हाय तसं."

"सांगितलं असंल. ठेवलं कुणी?"

बायका आत्याकडून झाल्या, पुरुष पाळकसाहेबांकडून. चहाची किटली बायकांकडे असल्यामुळे काही पुरुष गप्प राहिले. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, जे शास्त्रात नाही ते चर्चच्या अंगणात होणार नाही. आत्या म्हणाली, आत्या नाही तर नाटकही नाही, दुसरं कुणी बसवा. दुसरं कुणी बसवू शकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पंख तिच्या ट्रंकेत, संवाद तिच्या डोक्यात. मुलींचे चेहरे उतरले.

मग कुणीतरी मला पुढं केलं. "पोरगी इंग्लिश मीडियमची हाय. तिनं समदं वाचावं आन् फुडच्या रविवारी सांगावं."

दोघांनीही मान डोलावली. आत्यानं जरा जास्तच खुशीत.

मी गच्चीवर बसून मोबाइलवर त्या पानाबद्दल सगळं वाचलं. पंडितांनी एकमेकांवर रकानेच्या रकाने लिहिले होते. चामडं खरंच जुनं होतं. पण चामड्याला पडलेल्या भेगांमध्ये शाई उतरली होती, म्हणजे आधी भेगा पडल्या आणि मग कुणीतरी लिहिलं. ज्यानं पान विकलं तो ते कुठं मिळालं हे दर वेळी वेगळंच सांगत होता. सुरुवातीला खरं म्हणणारे एकेक करून मागं सरले होते. कुणीतरी एक टिकून असेल म्हणून मी वाचत राहिले. कुणी नव्हतं.

रविवारी उभी राहिले. मी कधी उपासनेत देवाची साक्ष द्यायलाही उभी राहिलेली नाही. बायकांच्या बाजूला, शेवटच्या सतरंजीवर माझी जागा ठरलेली आहे.

"पान जुनं आहे," मी म्हणाले. "लिखाण नवं आहे. कुणीतरी मुद्दाम केलेलं. ते खोटं आहे."

आत्यानं मांडीवरच्या कागदांची घडी घातली, उलगडली, परत घातली. तिच्या नव्या प्रवेशाचे कागद होते ते.

"बरं, झालं तर," पाळकसाहेब म्हणाले, पण मी खाली बसले नव्हते.

"लॉजवालाही नाही."

"काय?"

"शास्त्रात. जागा नव्हती, एवढंच आहे. जागा नाही म्हणणारा माणूस कुठंच नाही."

कुणीतरी पदरात तोंड खुपसून हसलं. पाळकसाहेबांनी चष्मा लावला, शास्त्र उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं, पान उलटलं, परत मागचं उघडलं. सगळे त्यांच्या बोटाकडे बघत होते.

"खरंच की," ते म्हणाले. "मंग मी कोण?"

"तुमी आमचे लॉजवाले," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमच्याबिगर नाटक होतंय का?"

आधी त्यांचे खांदे हलले, मग ते मोठ्यानं हसले. हसून झाल्यावर त्यांनी अट घातली: आत्या शास्त्रातली नाही, हे नाटकाआधी सांगायचं, आणि नाव देवदूतच आणणार.

"आणू द्या की. कानात सांगायला माणूस लागंलच." आत्यानं कागद उलगडले. "आन् हे काम करंल, जी आत्ता उभी हाय ती."

"मला बोलता येणार नाही," मी म्हणाले.

"बोलायचं कुठं हाय? कानातच तर सांगायचंय."

नाताळच्या संध्याकाळी अंगण भरलं होतं. मुंडासं बांधलेले पाळकसाहेब कंदील घेऊन पुढं आले. "ही आत्या शास्त्रातली न्हाई, आपली हाय," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "हा लॉजवालाबी." इतक्या टाळ्या त्यांच्या ऊसतोडीच्या वाक्यालाही कधी पडल्या नव्हत्या.

बाळ खरं होतं, मागच्या गल्लीतलं, दुधाचा वास येणारं. देवदूतानं नाव सांगितलं. मी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि ते नाव सांगितलं. एवढंच माझं काम होतं.

पण बारशाला आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपके घालतात, हे मी विसरले होते. प्रेक्षक विसरले नव्हते. आधी मरीयेनं घातला, मग पंख सावरत देवदूतांनी, मग पहिल्या रांगेतल्या शेजारणी हसत सरळ वर आल्या. बाळ बघत राहिलं. सगळ्यात जोराचा धपका विंगेतून धावत आलेल्या माझ्या आत्याचा होता. वळून न बघताही मला तो ओळखू आला.