फणसाचा पाट

फोन सकाळी सहाच्या सुमारास आला. पुण्यात थंडी मी म्हणत होती. पलीकडे एसटीडी बूथवरचा गलका, कुठल्याशा देवळातला नादस्वर आणि मग लक्ष्मीवहिनींचा आवाज. “भाऊजी, हे गेले. सकाळी उठलेच नाहींत. तुमी निघता ना?” मी हो म्हटलं आणि रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिलो. कानात त्यांचा तो ‘हे’ घुमत होता. गेल्या सात वर्षांत वहिनींनी नवऱ्याचा असा उल्लेख केलेला मी ऐकला नव्हता. ‘सर आलेत’, ‘सरांस विचारा’, असं त्या बोलत, जणू शाळेतलं कुणी त्यांच्याकडे भाड्यानं राहत होतं. असं का झालं, ते सांगायला मी आज बसलो आहे. याआधी तीनदा बसलो आणि उठलो.

माधवअण्णा माझे चुलतभाऊ, नऊ वर्षांनी मोठे. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं एकमेकांना लागून. आमची मराठी ऐकून पुण्यातली माणसं गालातल्या गालात हसतात, ती मराठी तिथं घराघरांत बोलली जाते. मात्र वाचायची वेळ आली की सगळे तमिळकडे वळतात. बाळबोध अक्षरं येणारी माणसं आमच्या गल्लीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अण्णा जुन्या अंकलिपीवरून स्वतः शिकले आणि मला धरून बसवून शिकवली. “बोलतो ते लिहितां न आलें तर काय उपयोग, वेंकू?” असं म्हणून पाठीत एक धपाटा. पुढे मी नोकरीला बाहेर पडलो तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना मराठीतच पत्रं लिहायचो. वहिनींना फक्त तमिळ वाचता येई. पोस्टमननं इनलँड दिलं की त्या ते दोन बोटांत धरून आणत आणि म्हणत, “घ्या, तुमच्या दोघांची चोरभाषा आली.”

अण्णा ओरत्तनाडूच्या शाळेत गणित शिकवत. रोज सकाळी डबा घेऊन बस, संध्याकाळी परत. पण गल्लीत त्यांची ओळख निराळी होती. तिथी बघायची असली की लोक भटजींच्या आधी अण्णांकडे येत. त्यांच्याकडे दोन पंचांगं असत, एक तमिळ, एक महाराष्ट्रातून मागवलेलं. दोन्ही समोर ठेवून ते पेन्सिलीनं हिशेब मांडायचे आणि दोन्ही जुळल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. आमच्या घराण्यात समुद्राचा एक नेम होता. समुद्राला वाटेल तेव्हा शिवायचं नाही. अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण असं पर्व असेल तरच अंगावर लाट घ्यायची. एरवी काठावरून हात जोडायचे आणि मागे फिरायचं. अण्णांनी या नेमाला स्वतःचा एक नेम जोडला होता. पंचांग हो म्हणेल, पण कोळी नाही म्हणाला तर जायचं नाही. वर्षातून एकदाच दोघं हमखास हो म्हणत, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणाऱ्या तमिळ मासी महिन्यातल्या मघा नक्षत्राला. तेव्हा ऊन कडक झालेलं नसतं, पावसाळी वारा कधीच निघून गेलेला असतो आणि तरंगंबाडीचा समुद्र लहान मुलांना खेळवण्याइतका शहाणा होतो.

त्या दिवशी गल्लीतली चार-पाच कुटुंबं व्हॅन करून निघायची. पुळियोदरैचा, म्हणजे चिंचभाताचा, आणि दहीभाताचा डबा, केळीची पानं, जुने टॉवेल, आणि एक पाट! होय, जेवायला बसायचा पाट. फणसाच्या लाकडाचा, हातभर रुंद, चार कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला. वहिनींच्या लग्नात वराला बसायला आलेला हा पाट अण्णा दर वर्षी समुद्रात घेऊन जात. कोळ्यांची पोरं ओंडक्यांवर पोट टेकून लाटेबरोबर काठावर येतात, ते बघून त्यांनी हा उद्योग सुरू केला होता. छातीइतक्या पाण्यात उभं राहायचं, पाट पोटाखाली धरायचा, मागून लाट फुगली की पाय झाडायचे... आणि हा गणिताचा मास्तर, वेष्टी कमरेला खोचलेली, चष्मा काठावर माझ्या हातात, ओरडत वाळूपर्यंत घसरत यायचा. “लग्नाचा पाट हा! देवा, लोक काय मणतील!” वहिनी कपाळाला हात लावायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांची एकुलती मुलगी यमू पाच वर्षांची असताना अण्णांनी तिला त्या पाटावर पहिल्यांदा निजवलं. दहा वर्षांची झाल्यावर ती त्यांच्यापेक्षा सरस झाली. लाट निवडायला शिकवताना अण्णा तिला म्हणत, “पहिली सोड, दुसरी सोड. जी तुज बोलावते ती घे.” माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत तेच सांगेन. परतताना सगळ्यांच्या केसांत वाळू असायची आणि व्हॅनमध्ये मुलं एकमेकांच्या अंगावर झोपलेली असायची. तो पाट मग गोड्या पाण्यानं धुऊन स्वयंपाकघरात परत जाई. मी माहेरवाशिणीसारखा अधूनमधून तंजावूरला गेलो की अण्णा तोच मला बसायला देत. “वेंकूचा पाट,” असं त्याचं नावच पडलं होतं.

मग नव्या कंपन्यांचे दिवस आले. मला पुण्यात बऱ्या पगाराची नोकरी लागली, घरी फोन आला, केबल आली. माझी दोन मुलं टीव्हीवर कुठल्यातरी परदेशी समुद्रावर फळ्यांवर उभं राहून लाटा कापणारी माणसं बघत बसत आणि म्हणत, “आपली यमूताई असं करते ना?” मला अभिमान वाटायचा. पण मासीत आमच्या कंपनीत आर्थिक वर्षअखेरीची धांदल, सुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. दोन वर्षं मी जाऊ शकलो नाही. तिसऱ्या वर्षी मी अण्णांना पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं होतं ते पुढे येईलच. अण्णांचं उत्तर चार ओळींचं होतं: डिसेंबरात समुद्र बरा नसतो, वेंकू, मुलांना घेऊन ये, पण आपण तिरुवैयारूला कावेरीवर जाऊ. मी चिडलो. लगेच फोन लावून शेजाऱ्यांकडून त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणालो, “अमावास्या आहे ना? पर्व आहे ना? मग झालं तर. काठावर बसायचं, पाय भिजवायचे.” पलीकडून अण्णा एवढंच म्हणाले, “बरें. ये.”

त्या वर्षी आमचीच दोन कुटुंबं गेली. आकाश शिशाच्या रंगाचं होतं, वाळू ओली होती आणि किनाऱ्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. अण्णांच्या ओळखीचा म्हातारा कोळी, मुरुगेसन, जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली आणि हात हलवला. “वेण्डां सार,” नको म्हणून. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “इतक्या लांब आलोय, मुलं हिरमुसतील.” पाट मीच व्हॅनमधून काढला होता, नुसता मुलांना दाखवायला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझा मुलगा यमूला म्हणाला, “ताई, एकदाच करून दाखव ना.” तेरा वर्षांची पोर ती. अण्णा मुरुगेसनशी बोलत पाठमोरे उभे होते. यमू माझ्याकडे बघून म्हणाली, “काका, एकच अलै.” लाटेला आम्ही अलैच म्हणतो. आणि मी... मी मान हलवली. तिनं पहिली लाट सोडली, दुसरी सोडली. तिसरीनं तिला उचललं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं, माझ्या मुलांनी टाळ्याही वाजवल्या. मग पाट एकटाच काठावर आला.

अण्णा चष्म्यासकट पाण्यात धावले. मुरुगेसन आणि वस्तीतली माणसं होडी घेऊन गेली. यमूला त्यांनी आणलं तेव्हा दुपार उलटून गेली होती. याच्यापुढचं मला लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी घरात माणसं भरलेली असताना माझे वडील, अण्णांचे काका, भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “या दिवसांत समुद्रावर जायचं कोणें ठरवलं?” वहिनी आतल्या दारात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं. पण अण्णांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि ते म्हणाले, “मी. तिथी मी काढली. माझें गणित चुकलें.” आणि मी गप्प बसलो. परतताना स्टेशनवर मी त्यांना म्हटलं, अण्णा, मी सांगतो सगळ्यांना. ते म्हणाले, “माझी पोर गेली ती गेली. तुजही इथें यायला तोंड राहूं नये काय? एकाचें गेलें तेवढें पुरे.” मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला त्या क्षणीही वाटली होती, आजही वाटते, पण सुटल्यासारखं वाटलं हे खरं आहे.

त्यानंतर अण्णांकडे तिथी विचारायला कुणी आलं नाही. पंचांगं माळ्यावर गेली. वहिनी त्यांना वेळच्या वेळी जेवायला वाढत, शर्टाला बटणं लावून देत, पण त्यांच्याशी बोलणं संपलं. मुलीचा जीव आपल्या हिशेबाच्या ऐटीत घालवणारा माणूस, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि अण्णांनी ते घेऊ दिलं. अण्णा पाटावर बसायचेच बंद झाले. चुलीसमोरच्या कोपऱ्यात सरळ भुईवर बसून जेवत. फणसाचा पाट भिंतीला टेकून उभा असे, मिठानं फुगलेला, पितळी फुलं हिरवी पडलेली. मी गेलो की मला दुसरा पाट मिळे. दर मासी मघेला अण्णा एकटे बसनं तरंगंबाडीला जात. वाळूत बसत आणि संध्याकाळी परत येत. वहिनी त्यांच्या वेष्टीचा काठ हातानं चाचपून बघायच्या. तो कधी ओला नसे. पर्व असूनही त्यांनी पुन्हा समुद्राला हात लावला नाही. आम्ही पत्रं लिहीत राहिलो, पण त्यांत पावसापाण्याशिवाय काही नसे.

अण्णांच्या तेराव्याला सगळे पांगल्यावर वहिनींनी माळ्यावरून काढलेलं एक पंचांग माझ्यासमोर ठेवलं. त्यात एक निळं इनलँड होतं. “तुमचें अक्षर अहे. त्याच वर्षाचें पंचांग. मज वाचतां येत नाहीं. वाचा पाहूं.” मी ते उलगडलं. अक्षर माझंच, अण्णांनी वळण लावलेलं. आणि मी वाचलं... सगळे खुशाल आहेत, मुलं अभ्यास करतात, इकडे थंडी फार आहे. वहिनी ऐकत होत्या. “एवढेंच?” त्या म्हणाल्या. मी एवढंच म्हणालो आणि पत्र घडी करून त्यांच्या हातात दिलं. परतीच्या गाडीत रात्रभर मला स्वतःची किळस येत राहिली. मेलेल्या माणसानं माझ्यासाठी झेललेलं मी पुन्हा एकदा त्याच्याच माथ्यावर ठेवून आलो होतो.

गेल्या आठवड्यात मासी मघा होती. मी रजा मागितली, साहेबांनी नाक मुरडलं, तरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मी पत्र मागून घेतलं आणि यावेळी जे लिहिलं होतं ते वाचलं. “मासीत मला रजा नाही. डिसेंबरात आठ दिवस आहेत, त्यात एखादी अमावास्या काढा. मुलांना यमूचा पाट बघायचा आहे. यावेळी नाही म्हणालात तर मी पुन्हा तंजावूरला येणार नाही, हे पक्कं समजा.” मग पत्रात नव्हतं तेही सांगितलं, मी पाट काढल्याचं आणि मान हलवल्याचं. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर तमिळ बातम्या चालल्या होत्या, त्या संपल्या. वहिनींनी विचारलं, “ह्यांनीं मज कां सांगितलें नाहीं?” मी पत्राची घडी घातली. “सात वर्षें मी त्यांशी धड बोललें नाहीं, भाऊजी. मरतांनाही पाणी हवें का मणून विचारलें नाहीं, मी निजलें होतें.” त्या रडल्या नाहीत. त्यांनी रडावं, मला हाकलून द्यावं, असं मला फार वाटत होतं.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या. चुलीवर भात होता. त्यांनी केळीचं पान घेतलं, पाणी शिंपडून पुसलं आणि मला म्हणाल्या, “जेवून जा.” भिंतीशी दोन पाट उभे होते, रोजचा एक आणि फणसाचा एक. त्यांतल्या एकालाही त्यांनी हात लावला नाही. चुलीसमोरच्या कोपऱ्यात, अण्णांच्या जागी, त्यांनी पान मांडलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. मी जाऊन भुईवर बसलो.