तीनदा आलेली जाहिरात

ती जाहिरात एका वर्षात तीनदा आली होती. साध्या चौकटीतली, दोन कॉलमांची: समुद्रपूर रस्त्यावरच्या एका जिनिंग कारखान्याला लेखा सहायक पाहिजे, अनुभवाची अट नाही, प्रात्यक्षिक परीक्षा आणि मुलाखत. ज्या दैनिकाच्या वर्धा कार्यालयात मी चौदा वर्षं बातमीदार होतो, तिथल्याच जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांत मला ती तिन्ही वेळा सापडली. मजकूर तोच होता, फक्त अर्जाची शेवटची तारीख बदललेली. मी त्यातून अर्थ काढला की वर्षभरात तीन माणसं तिथून निघून गेली आहेत आणि त्याचं कारण कोणी सांगत नाही.

अर्ज तरीही केला. आमचं कार्यालय मार्चअखेर बंद होणार होतं. दैनिकाने जळगावला जागा देऊ केली होती आणि कळवायला एक महिना दिला होता. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची बदली तिकडे होण्याची शक्यता नव्हती. म्हणजे वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेतल्या घरी राहायचं तर त्याच महिन्यात दुसरं काम मिळायला हवं होतं. सहा ठिकाणी अर्ज केले होते. लेखाकामाचा एका दिवसाचाही अनुभव नसलेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला बोलावणं धाडणारा हा एकच कारखाना निघाला. तेही मला खटकलं.

लेखाकामाचा वर्ग मी आठ महिन्यांपूर्वी लावला होता, कार्यालय बंद होण्याची कुजबुज सुरू झाली तेव्हा. बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. शिकवणारे सर एका तेलगिरणीतून मुख्य लेखापाल म्हणून निवृत्त झालेले. वर्गात बहुतेक बी.कॉम. झालेल्या मुली होत्या. संगणकावर त्यांची बोटं माझ्या दुप्पट वेगाने चालत आणि काम संपलं की त्या माझ्या पडद्याकडे बघत बसत.

सर चाळीस व्हाउचरांची फाइल आणि दोन तास देत. पहिल्या सरावात मी सहा व्हाउचरं बाजूला काढली. एकावर सही नव्हती, दोन व्हाउचरांवर खाडाखोड होती, तीन व्हाउचरांवरचं हस्ताक्षर एकच असून पैसे घेणारे वेगवेगळे होते. त्यांच्या नोंदी मी केल्या नाहीत. ताळा अर्थातच जुळला नाही. सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं, ती कागदपत्रं मला पटली नाहीत.

"तुले पटण्याचा सवाल नाई," सर म्हणाले. "कागद आला का नोंद झाली पाहिजे. शंका असंन त उचंतीत टाक, अन् बाजूले लिही का काय पाहिजे. तू इथं बी बातमी मारून राह्यला."

मुली हसल्या. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'पत्रकार' पडलं.

उचंत खातं म्हणजे ज्या रकमेची जागा अजून ठरलेली नाही ती तात्पुरती ठेवण्याचं खातं. पुढे खुलासा आला की ती रक्कम तिथून उचलायची आणि योग्य खात्यात न्यायची. बातमीच्या कामात असं काही नव्हतं. खात्री झाली तर छापायचं, नाही तर सोडून द्यायचं. शंका वहीत लिहून, तिच्यासमोर काय हवं ते मांडून, बाकीचं काम पुढे नेण्याची सवय लागायला मला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात ताळा पहिल्यांदा जुळला. तो पुन्हा तपासल्याशिवाय मी उठलो नाही.

बोलावण्याचं पत्र आलं त्यात मूळ प्रमाणपत्रं आणायला सांगितलं होतं. सरांनी पत्र दोनदा वाचलं. काही ठिकाणी मूळ कागद ठेवून घेतात, म्हणजे माणसाला सोडून जाता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. "दाखवजो, पण हातातून सोडू नको," ते म्हणाले.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी एसटीने समुद्रपूरच्या दिशेने गेलो आणि कारखान्याच्या फाट्यावर उतरलो. फाटक बंद होतं. समोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलो. कारखान्यात पगार वेळेवर होतो, असं टपरीवाल्याने सांगितलं. आधीचा लेखा सहायक आता हिंगणघाटला स्वतःचं कर सल्ल्याचं काम करतो, हेही त्याच्याकडूनच कळलं. नंबर त्याच्याकडे होता. दोन जणांनी एकच गोष्ट सांगितल्याशिवाय ती खरी धरायची नाही, ही जुनी शिस्त. मी तिथूनच फोन लावला, नोकरीसाठी अर्ज केलाय असं सांगितलं आणि त्याने ती जागा का सोडली हे विचारलं.

"तुमी अर्ज केला ना? मंग परीक्षा द्या," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी डायरीत तारीख, वेळ आणि एक शब्द लिहिला: टाळाटाळ.

संध्याकाळी बायकोने ते पान वाचलं. अनोळखी माणसाने रविवारी फोन करून असं विचारलं तर मीही ठेवून देईन, असं तिचं मत पडलं. मग ओट्याजवळ खुर्ची ओढून तिने माझी मुलाखत घेतली. वृत्तपत्र का सोडलं, हा पहिला प्रश्न होता. मी म्हणालो की जिल्हा कार्यालयं बंद करण्याचा निर्णय व्यवस्थापनाने घेतला असून त्यामुळे इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे मलाही पर्याय शोधावा लागत आहे.

"ही बातमी झाली," ती म्हणाली. "तुम्ही कुठे आहात यात?"

ते उत्तर आम्ही चार वेळा बदललं. शेवटी तीन वाक्यं उरली: कार्यालय बंद होत आहे. मला वर्ध्यातच राहायचं आहे. आठ महिने हे काम शिकलो आहे. जळगावला होकार किंवा नकार कळवायला तेव्हा नऊ दिवस होते.

परीक्षेला आम्ही पाच जण होतो. कारकुनाने मूळ प्रमाणपत्रं पाहिली आणि लगेच परत केली. मी ती मोजून पिशवीत ठेवली. मग प्रत्येकाला एक संगणक आणि चाळीस कागदांच्या झेरॉक्स प्रतींची एकेक फाइल मिळाली. सगळ्यांच्या फायली सारख्या होत्या. नावं काळी केलेली, तारखा आणि रकमा तशाच.

बत्तिसाव्या क्रमांकावर कापूस खरेदीचं बिल होतं. बाजार समितीच्या आवारातली खरेदी, असं त्यावर छापलेलं. तारीख वाचली आणि मी थांबलो. त्या दिवशी आवारात हमालांचा बंद होता आणि लिलाव झाला नव्हता. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत मी तिथे उभा होतो. बातमी मीच दिली होती. शिवाय या बिलाला काट्याची पावती, म्हणजे गाडीच्या वजनाची चिठ्ठी, जोडलेली नव्हती. बाकीच्या प्रत्येक खरेदी बिलाला ती होती.

हे बिल मुद्दाम घातलं असेल, तर ओळखणाऱ्याला गुण होते. पण ते ओळखून जो गप्प बसेल त्यालाच इथे ठेवत असतील, तर हिशेब उलटा होता. शेजारचा उमेदवार काम संपवून हात दुमडून बसला होता. माझ्याकडे अकरा मिनिटं आणि आठ कागद उरले होते. मी रक्कम उचंत खात्यात टाकली आणि शेऱ्यात लिहिलं: या तारखेला आवारात लिलाव बंद होता. काट्याची पावती पाहावी. शेवटच्या कागदाची नोंद झाली तेव्हा वेळ संपायला मिनिटभर बाकी होतं.

मुलाखत तासाभराने झाली. टेबलामागे कारखान्याचे मालक होते, साठीचे, पांढऱ्या शर्टातले. शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस माझ्या उत्तरांची छापील प्रत पेन्सिलीने तपासत होता. तो बोलला आणि मला फोनवरचा आवाज ओळखू आला.

"रविवारी जे विचारत होते ते आता विचारा," तो म्हणाला.

मी विचारलं. त्याला स्वतःचं काम करायचं होतं म्हणून सोडलं, असं तो म्हणाला. कारखान्याची पुस्तकं तो आता बाहेरून तपासत होता आणि माणूस निवडण्याचं कामही त्याच्याकडेच होतं. परीक्षेची फाइल त्यानेच बनवली होती. मग तीन जाहिराती कशाला, असं मी विचारलं.

"माह्या जागेवर अजून कोनी आलंच नाई. दोनदा परीक्षा घेतली, ही तिसरी."

म्हणजे तीन माणसं गेली नव्हती. एकच गेला होता आणि तो समोर बसला होता. माझा अंदाज चुकला, हे मी कबूल केलं. मालकांनी वृत्तपत्र का सोडलं ते विचारलं. मी तीन वाक्यं म्हटली.

"उद्या इथलं काई दिसलं त छापान काय?" त्यांनी विचारलं.

"छापायला माझ्याकडे पेपर नाही. तुम्हाला विचारीन."

मालकांनी शेजारच्याकडे पाहिलं. तो पेन्सिलीला टोक करत होता. निकाल कळवू, असं सांगून मला जायला सांगितलं.

नेमणुकीचं पत्र पाच दिवसांनी आलं. त्याच दिवशी मी जळगावला नकार कळवला. "तिघं पळून गेले होते ना?" बायकोने विचारलं आणि पत्र देवघरात ठेवलं. सरांना पेढे द्यायला गेलो तर त्यांनी सगळी हकिकत ऐकून एकच गोष्ट विचारली: ते बिल खरं होतं का बनवलेलं? मी विचारलं नव्हतं. परीक्षेसाठी तयार केलेलं असणार, असं मी धरून चाललो होतो. एकाही माणसाला न विचारता.

कामावर लागून तिसरा आठवडा होता. मागच्या वर्षीच्या खरेदीच्या फायली क्रमाने लावताना ते बिल समोर आलं. तीच तारीख, तीच रक्कम, नाव मात्र काळं न केलेलं. काट्याची पावती जोडलेली नव्हती. परीक्षेच्या प्रतीत कोरा असलेल्या समासात इथे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'काट्याची पावती मागितली', खाली आखूड सही आणि तारीख. हस्ताक्षर ओळखीचं होतं. माझ्या उत्तरपत्रिकेवर तेच होतं. हजेरीपट काढून पाहिला. त्या तारखेनंतर दीड महिन्याने त्याने नोकरी सोडली होती. ते बिल त्याने परीक्षेसाठी बनवलेलं नव्हतंच, कारखान्याच्या फायलीतूनच घेतलं होतं. जो प्रश्न विचारून तो थांबला होता, तोच पुन्हा विचारणारा माणूस तो शोधत होता. मालकांना हे माहीत होतं की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता.

त्याला फोन करता आला असता. केला नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलो आणि त्या दिवसाची नोंदवही मागितली. त्या तारखेला गावांतून थेट आलेल्या सात गाड्या होत्या, बिलावरची गाडी त्यांत नव्हती. परत येऊन मी त्याच्या ओळीखाली तीच ओळ लिहिली, माझी सही केली, तारीख टाकली.

मग फाइल घेऊन मालकांच्या खोलीत गेलो. ते फोनवर होते. त्यांनी बसायची खूण केली. मी फाइल त्या पानावर उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि बसलो.