रोहण्याच्या शिबिरातील एक ‘अनुपस्थित’ मुलगी

वस्तुस्थिती आधी क्रमाने मांडते. मते मागाहून येतील. माझी भाची सानिका पिपरी मेघेतील एका शाळेच्या स्काऊट-गाईड पथकात आहे. वर्षभराच्या तयारीनंतर तिला द्वितीय सोपानाचे चिन्ह मिळायचे होते आणि त्याची शेवटची चाचणी, म्हणजे भांड्यांविना स्वयंपाक, शनिवार-रविवारच्या शिबिरात व्हायची होती. सोबत एक पालक हवा होता, म्हणून मी गेले. सानिकाने चाचणी दिली. निकालात तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा आला.

आता प्रवास. वर्ध्याहून पुलगाव आणि तिथून आर्वीच्या वाटेने रोहणा, असा हा रस्ता. डिसेंबरात तो प्रेक्षणीय असतो. दोन्ही बाजूंना उभी तूर, मधूनमधून संत्र्यांच्या बागा आणि समोर कापसाने इतकी फुगलेली ट्रॉली की तिला ओलांडण्याचा मोह आवरावा. चहा पुलगावलाच उरकून घ्यावा. पुढे मिळतो तो केवळ गरम असतो. स्वेटर आणि पिण्याचे पाणी न विसरता न्यावे.

शिबिराची जागा गावाबाहेरची आमराई. तिथे पोहोचल्यावर क्षणभर वाटले, आपण चुकून कुणाच्या साखरपुड्याला आलो. तंबू आधीच उभे होते, मंडपवाल्याने उभारलेले, दाराशी प्लास्टिकच्या फुलांच्या माळा लावलेले. मुलांनी शाळेच्या पटांगणावर महिनाभर ज्या गाठी घोटल्या, त्या मारण्यासाठी इथे एक दोर शिल्लक नव्हता. पथकप्रमुख सरांना मी विचारले, मुले तंबू केव्हा उभारणार?

“मॅडम, कायले टेन्शन घेता?” ते म्हणाले. “लेकरं एन्जॉय करून राह्यले ना.”

संध्याकाळी शेकोटी होती. तिचे वर्णन करताना मला संकोच होतो. रचलेल्या लाकडांच्या पोटात बल्ब, त्यावर लाल जिलेटिन कागद आणि तो फडफडावा म्हणून खाली टेबलपंखा. भोवती साठ मुले हात पुढे करून शेकल्याचा अभिनय करत होती. खरा जाळ धोक्याचा असतो, असे सरांनी समजावले. वनवासी जीवनाचे शिक्षण यापेक्षा सुरक्षित करायचे तर मुलांना घरीच ठेवावे लागेल.

रविवारी सकाळी चाचणी सुरू झाली, म्हणजे आचाऱ्याने गॅसच्या शेगडीवर पनीरची कढई चढवली आणि प्रत्येक संघाने तिच्यात झारा धरून फोटो काढून घेतला. नियमातला ‘भांड्यांविना’ हा शब्द त्या कढईत कुठे विरघळला, ते मला दिसले नाही.

सानिका आणि तिची मैत्रीण रेणुका कढईकडे फिरकल्या नाहीत. त्यांनी आमराईच्या कडेला खड्डा खणला, त्यात गोवऱ्या पेटवल्या, पळसाच्या पत्रावळीवर कणीक मळून रोडगे वळले आणि वांग्यांसह निखाऱ्यांत पुरले. आचाऱ्याला त्याची फार गंमत वाटली.

“काऊन वं पोरींनो, माह्या हातचं गोड नाई लागत का तुमाले?”

“काका, तुमच्या कढईले आमी पास करू,” रेणुका म्हणाली. “पह्यले आमाले तर पास होऊ द्या.”

प्रमुख पाहुणे जेवणापूर्वी येणार होते. ते आले उन्हे कलल्यावर. नेमके तेव्हाच वारा सुटला होता, खड्ड्याशेजारी वाळक्या पानांचा थर होता आणि पलीकडे कापणीला आलेली तूर. शिट्टी वाजली. सगळी मुले स्वागताच्या रांगेकडे धावली, आचारीसुद्धा टोपी घालून गेला.

“सानिका, चाल वं, साहेब येऊन राह्यले,” रेणुका ओरडली.

“इस्तो सोडून कशी येऊ? तू जाय. सरले सांगजो, विझवून येतो म्हना.”

विस्तव राखणीविना सोडायचा नाही, हा या मुलांना शिकवलेला पहिला नियम. साठ जणांत तो एकीलाच आठवला. तिने कडेच्या राखेत गरम ठेवलेले रोडगे काढले, निखाऱ्यांवर पाणी ओतले, माती लोटली, वर तळहात ठेवून धग उरली नाही ना ते पाहिले आणि मगच ती उठली. तोवर रांग मोडली होती.

पाहुण्यांनी पनीर बाजूला सारले आणि रोडगा फोडला. “वा. आमच्या शेतात असेच राहेत. कोणं केले?”

“आपल्याच पोरीनं, साहेब,” सर म्हणाले. “आपली ट्रेनिंगच तशी हाय.”

पाहुण्यांनी आणखी एक मागून घेतला. अर्ध्या तासाने निकाल वाचला गेला. कढईत झारा धरणारे सगळे उत्तीर्ण झाले, रांगेत वेळेवर पोहोचलेली रेणुकाही. मी सरांना गाठले.

“सर, जिचे रोडगे पाहुण्यांनी खाल्ले, ती अनुपस्थित कशी?”

“मॅडम, हजेरी मी लाइनमधी घेतली. लाइनमधी नव्हती ना थे. मी काय करू? पुढल्या साली पुन्हा देजो म्हना.”

पुढल्या वर्षी ती नववीत असेल आणि पुढच्या सोपानाची वाट या चिन्हाशिवाय उघडत नाही, हे सरांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

परतीच्या वाटेवर रोहणा मागे पडले, पुलगाव आले. घरी सानिकाच्या स्कार्फला गोवरीच्या धुराचा वास होता. साठ स्काऊट-गाईडांच्या शिबिरातून खऱ्या आगीचा वास घेऊन परतलेला बहुधा तो एकमेव स्कार्फ. तो धुवायला टाकताना तिने विचारले, “आत्या, मंग मी उठून जायले पाह्यजे होतं का?”

मी नाही म्हटले. पण शेरा माझा नाही. ज्यांचा आहे, त्यांनीच याचे उत्तर द्यावे. सर हा ब्लॉग वाचतात, हे मला माहीत आहे. तेव्हा फोन नको, भेट नको, ‘जाऊ द्या मॅडम’ तर मुळीच नको. त्या दुपारी सानिकाने विस्तव सोडून रांगेत यायला हवे होते काय, हो की नाही, एवढेच कळवावे. लेखी, सहीनिशी, आणि माझ्या नावे नव्हे, तिच्या नावे.