खपल्या पडेपर्यंत

कुलूप तुटत नव्हतं. मी वरवंट्यानं घाव घालत होते आणि दाराशेजारच्या खिडकीतून आत पोरगी दिसत होती. फरशीवर पडलेली, डोळे वर गेलेले, हातपाय झटकत होते, तोंडाला फेस. टीव्ही चालूच होता. खिडकीला गज. हात घातला तरी तिच्यापर्यंत पोचेना. मी हाका मारत होते, तिला ऐकू जात नव्हतं.

चाकणच्या रस्त्याला आमच्या शेताचा जो तुकडा उरला, त्यावर आम्ही खोल्या बांधल्यात, भाड्यानं देतो. पोरगी तिसऱ्या खोलीतली, बालवाडीत जाणारी. आईबाप लातूरकडचे, दोघंही कंपनीत कंत्राटावर. आई पहिल्या शिफ्टला, बाप दुसऱ्या शिफ्टला. बापाची बस आधी निघते, आईची नंतर येते. मधली तास-दीड तासाची फट शाळा भरून काढायची.

पण पोरीला कांजण्या आल्या आणि शाळेनं घरी पाठवली. खपल्या पडेपर्यंत आणू नका म्हणाले. शाळेचं बरोबरच होतं. बालवाडीतली पोरं मांडीला मांडी लावून बसतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात. एकीच्या कांजण्या आठवडाभरात वर्गभर होतात. फक्त त्या फटीचं काय करायचं, हे शाळेला कुणी विचारलं नाही.

मलाही विचारलं नाही. शेवटच्या खोलीत बाळंतीण होती. कांजण्यांचं कळलं तर म्हातारी खोली खाली करायला लावील, असं त्या दोघांना वाटलं. माझं तोंडच तसं आहे, त्यांनी दुसरं काय समजावं? बाप जाताना झोपलेल्या पोरीच्या अंगावर चादर घालायचा, टीव्ही बारीक लावायचा आणि बाहेरून कुलूप. दोन दिवस तसं चाललं. त्या दिवशी आत ग्लास पडल्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले. एरवी त्या वेळी मी आडवी असते.

माझी ठोकाठोक ऐकून पुढच्या गाळ्यातला गॅरेजवाला पळत आला. तो इथलाच, मुसलमानाचा, माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. हातात टायर काढायची टॉमी होती.

"आज्जी, बाजूला व्हा. कुलूप चांगलंय, त्याच्या नादी लागू नका."

टॉमी कोयंड्याखाली घालून त्यानं असा जोर दिला की कोयंडा स्क्रूसकट बाहेर आला. पोरीला हात लावला तर अंग तव्यासारखं. मी तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. पोटावर, कपाळावर, कानामागं, सगळीकडं पाण्यानं भरलेले फोड. तशीच चादरीत गुंडाळून उचलली.

"रिक्षा बघ."

"रिक्षा चौकात अडकंल. गाडीवर बसा."

मी जन्मात कधी गाडीवर बसले नव्हते. लुगडं वर खोचलं आणि टांग टाकून बसले. पोरगी आमच्या दोघांच्या मधे.

"आज्जी, मला घट्ट धरा."

"तुला धरू का पोरीला? तू नीट चालव, माझं मी बघते."

कंटेनरच्या मधून, कधी रस्त्यावरून, कधी मातीतून त्यानं गाडी काढली. वाटेत पोरीचं झटकणं थांबलं आणि ती एकदम ढिली पडली. तेव्हा मला वाटलं, संपलं. मग माझ्या मांडीला गरम ओल लागली आणि पोरगी बारीक आवाजात रडायला लागली.

"रडतीय का?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"रडतीय."

"रडू दे. रडू दे तिला."

तोही रडत होता. पाठीवरनं कळतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडी तापानं आली. सलाइन लावलं, रात्रभर ठेवावं लागेल म्हणाल्या. आईबापाला कळवायचं कसं? कंपनीत फोन गेटवर पेटीत जमा करतात, शिफ्ट सुटल्यावर हातात देतात. आम्ही लावत होतो, तिकडं पेटीत वाजत असणार.

आई बसमधून उतरून खोलीवर गेली. दार उघडं, कोयंडा उपटलेला, आत पोरगी नाही. बाळंतिणीच्या सासूनं सांगितलं तशी धावत दवाखान्यात आली. पोरगी झोपली होती. आईनं तिच्या पायाला हात लावला, दुसऱ्या पायाला लावला, मग माझ्याकडं बघितलं. तिच्या मुठीत किल्ली होती.

"आजी, लेकरू झोपलं होतं ओ. तासाभराचाच तर प्रश्न होता."

"व्हय."

"खोली सोडायला सांगू नका."

"कोण सांगतंय? किल्ली टाक ती आधी. दार लागत न्हाई आता तुझं."

तिला हसू आलं आणि मग ती खालीच बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? बाप रात्री उशिरा आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. त्याला मी दंडाला धरून आत आणलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला घरी आणलं. त्या फटीत ती माझ्याकडं यायची. दारं लावून आम्ही आतच बसायचो, बाळंतिणीच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. मऊ भात खायची आणि खाजवायचा हट्ट करायची. मी तिचे हात धरून ठेवायचे.

"आज्जी, एकच खाजवू?"

"एक न्हाई न् अर्धी न्हाई."

"मग तू फुंकर घाल."

मग मी फुंकर घालायची. कपाळावर, कानामागं, पोटावर. दम लागायचा. खपल्या पडेपर्यंत तेच चाललं.

बाळाला काही झालं नाही. पोरगी जगली, आता पहिलीत जाते.